चिंचेखालची वाघळं, नानांच्या बकऱ्या आणि फुकट नाव आलेले रानकुत्रे

हे प्रकरण मे महिन्यातलं आहे. आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, आणि बस स्टँडजवळ माझं कृषी केंद्र आहे, बियाणं खतं औषधं वगैरे, त्यामुळे गावातली अर्धी भांडणं आणि सगळ्या अफवा आधी माझ्या काउंटरवर येतात, मग पारावर जातात. मंगळवारी सकाळी मी अजून अगरबत्ती पण लावली नव्हती तर दोन पोरं आली, म्हणे अर्धा किलो फोरेट (शेतात टाकायचं जहाल कीटकनाशक) द्या. म्हटलं बाबांनो फोरेटची विक्री २०२० संपता संपता बंद झाली, आणि भर उन्हाळ्यात तुमच्या शेतात आहे तरी काय? तर म्हणे शेतात नाही टाकायचं, मेलेल्या बकरीच्या पोटात भरायचं आहे, डोंगरातून रानकुत्रे उतरलेत.

झालं असं होतं की आदल्या रात्री गावाच्या टोकाला राहणाऱ्या नानांच्या गोठ्यात काहीतरी घुसलं आणि तीन बकऱ्या मेल्या, दोन फाटल्या. आणि त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, नाल्याकाठच्या जुन्या चिंचेखाली वटवाघळं पडायला लागली होती, टपाटप, दुपारी दोन ते चारच्या मध्ये, एकूण अकरा. आता ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असायचं कारण नव्हतं, पण गाव आहे, दोन दिवसात दोन वाईट गोष्टी झाल्या की त्यांची सोयरीक लावल्याशिवाय चैन पडत नाही. सोमवारी रात्रीपर्यंत वाघळांना निपाह, म्हणजे वाघळांतून माणसात येणारा तो जीवघेणा विषाणू, झालाय असं ठरलं, मंगळवारी उजाडताच त्याला पुढचा डबा जोडला गेला. चहाच्या टपरीवर एकाने ठामपणे सांगितलं, "वाघळं खाईसन कुत्रा पिसाळनात." म्हणजे रानकुत्रे रात्री खाली आले, चिंचेखालची मेलेली वाघळं खाल्ली, पिसाळले, आणि नानांच्या गोठ्यात घुसले. उपाय पण तिथेच ठरला, चिंच तोडायची आणि बकरीत विष भरून डोंगराच्या कडेला टाकायचं. एकाच दिवसात दोन्ही पीडा खलास.

मला ह्यातलं काय खटकलं ते आधी सांगतो. विष कोणाचं नाव विचारून मारत नाही. डोंगराच्या कडेला टाकलेली विषारी बकरी तरस खाईल, कोल्हा खाईल, घार खाईल, पाड्यावरच्या पोराचा कुत्रा खाईल, आणि ज्याने खरंच बकऱ्या मारल्या तो कदाचित तिकडे फिरकणार पण नाही. म्हणून दुकान पोराकडे सोपवलं आणि आधी चिंचेकडे गेलो.

चिंच मोठी आहे, तीन माणसांच्या कवेत न मावणारी. वर साधारण तीनशे वाघळं असतील, मी संध्याकाळी ती बाहेर पडताना एकदा मोजली होती, अंदाजेच. ही आपली मोठी फळं खाणारी जात, इंग्रजीत हिला फ्लाइंग फॉक्स म्हणतात, उडता कोल्हा. जवळून पाहिली की हे नाव का पडलं ते कळतं. खाली पडलेली एक मी काठीने उलटी करून बघितली, तोंड अगदी कोल्ह्याच्या पिल्लासारखं, लांबट, डोळे मोठे तपकिरी, मानेभोवती सोनेरी केसांचा पट्टा, आणि पंखाची कातडी इतकी पातळ की उन्हात धरली तर शिरा दिसत होत्या. पंख पसरले तर चार साडेचार फूट, आणि वजन किलोच्या आसपास. दुसरी एक मादी होती, मेलेली, आणि तिच्या छातीला पिल्लू चिकटलेलं, जिवंत. हाताने काही धरलं नाही, कारण वाघूळ मेलेलं असो की जिवंत, उघड्या हाताने धरायचं नसतं, दुकानातले फवारणीचे जाड हातमोजे घालून गोणपाटात गुंडाळलं आणि बियाण्याच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं. खोक्याच्या आत एक फडकं वरून लोंबतं ठेवलं, पिल्लाने ते पकडलं आणि उलटं लटकलं. एवढं बारीक जीव पण सरळ बसायला तयार नाही. वनरक्षक संध्याकाळी घेऊन गेला, दुसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणे नाही वाचलं.

पण वाघळं का पडली ह्याचं उत्तर मला झाडाखाली उभं राहूनच मिळालं होतं. त्या आठवड्यात रोज पंचेचाळीसच्या वर पारा होता, आपल्याकडे मे महिन्यात हे नवीन नाही, भुसावळचं तर नावच त्यासाठी पेपरात येतं. वरती सगळी वाघळं पंख्यासारखे पंख हलवत होती, अंग चाटून ओलं करत होती, काही खोडाच्या सावलीत एकमेकांवर चढून दाटीवाटीने बसली होती. एरवी ती पाण्यावरून खाली येऊन पोट ओलं करून जातात आणि मग ते ओलं पोट चाटतात, पण नाला कोरडा आणि जवळचं शेततळं पण तळाला गेलेलं. मे २०२० मध्ये उत्तर प्रदेशात गोरखपूर जिल्ह्यात अशीच शेकड्याने वाघळं मेली होती, तेव्हा तर कोरोनाची हवा होती, लोक प्रचंड घाबरले, मेलेली वाघळं बरेलीच्या इज्जतनगरला पशुवैद्यक संशोधन संस्थेत पाठवली आणि तिथे निघालं की उष्णतेने मेंदूत रक्तस्राव झालेला. विषाणू नाही, ऊन. दुपारी दोन ते चारमध्येच पडतात आणि रात्री एकही पडत नाही, एवढं एकच बघितलं असतं तरी कळलं असतं.

मग नानांकडे. नाना माझ्या वडिलांच्या वयाचे, त्यांच्या बकऱ्या म्हणजे त्यांची बँकच, लग्न असो की दवाखाना, एक बकरी विकायची आणि भागवायचं. गोठ्याला तारेची जाळी होती पण खालून माती उकरलेली. तीन मेलेल्या बकऱ्या जागच्या जागी पडलेल्या, मागचे पाय आणि शेपटीखालचा भाग फाडलेला, एकीचा कान अर्धा तुटून लोंबत होता, आणि मांस जवळजवळ कोणीच खाल्लेलं नाही. हे मी दोनदा बघितलं, परत परत. तीन बकऱ्या मारल्या आणि पोटभर एकही खाल्ली नाही.

आता इथे रानकुत्रा आणि गावठी कुत्रा ह्यातला फरक माहीत पाहिजे. रानकुत्रा, आपण कोळसुंदा म्हणतो, सरकारी कागदावर कंसात ढोल लिहितात, तो पोट भरायला शिकार करतो आणि झपाट्याने खातो, कळपाने तुटून पडतात, चितळासारखं जनावर थोड्या वेळात संपवतात, कारण उशीर केला तर वाघ नाहीतर बिबट्या येऊन हिसकावून घेईल. शिवाय तो मुख्यतः दिवसाचा गडी, पहाटे आणि संध्याकाळी शिकार करतो, आणि गावात शिरून गोठा उकरणं हे त्याचं कामच नाही. गावठी कुत्र्यांना आपण कोंबडीचं उरलंसुरलं खाऊ घालून ठेवलंय, त्यांचं पोट भरलेलं असतं, ती रात्री टोळीने खेळ म्हणून पाठलाग करतात, आणि बकरी बें बें करून पळायला लागली की अजून चेकाळतात. मारतात पण खात नाहीत. लांडगा असता तर एखादी उचलून तरी नेली असती.

पाड्यावरचे एक पावरा आदिवासी बाबा मोह विकायला दुकानात येतात, ऐंशीच्या पुढचे असतील, त्यांना विचारलं. ते म्हणे लहानपणी लाल कुत्रे पाहिलेत, भुंकत नाहीत, शीळ घालतात, शीळ ऐकू आली की आमचा बाप गुरं वळवायचा. आणि ती शीळ खरीच आहे, दाट झाडीत पांगलेला कळप परत गोळा व्हायला रानकुत्रे शिट्टीसारखा आवाज काढतात, त्याच्यावरून त्यांना शीळ घालणारा शिकारी पण म्हणतात. मेळघाट, ताडोबा, पेंचला गेलेल्या माणसाने ऐकली असेल कदाचित.

संध्याकाळी ग्रामपंचायतीसमोर लोक जमले. सरपंच म्हणे तुम्ही बघून आलात तर बोला. मी बोलायला काही वक्ता नाही, बिल बुकाच्या मागे दोन रकाने मारून नेले होते, एका बाजूला कोळसुंदा, एका बाजूला वाघूळ, तेच वाचत गेलो आणि मधे मधे लोक तोडत गेले. पहिलाच एक उठला, वाघूळ म्हणजे पंखवाला उंदीर, त्याची कसली तुलना करता कुत्र्याशी. म्हटलं भाऊ, गंमत अशी आहे की जनुकांच्या अभ्यासावरून वाघूळ हे कुत्रा, मांजर, घोडा, गाय ह्यांच्या मोठ्या भाऊबंदकीत बसतं, आणि उंदीर बसतो आपल्या, म्हणजे माणूस माकड सशाच्या बाजूला. तेव्हा वाघूळ कुत्र्याचं लांबचं का होईना चुलत भावंडं आणि उंदीर तुमचा. ह्यावर हशा झाला आणि तो भाऊ खाली बसला, पण त्यामुळे एक झालं की लोक ऐकायला लागले.

मला ज्यात जास्त जीव होता तो रकाना पिल्लांचा. रानकुत्र्याची मादी साठ बासष्ट दिवसात विते आणि एका वेळी चार ते दहा पिल्लं, आणि सगळा कळप त्यांना वाढवतो, शिकारीवरून आलेले मोठे पोटातलं मांस ओकून पिल्लांना घालतात, आणि पिल्लं जरा मोठी झाली की शिकारीवर आधी त्यांना खाऊ देतात. वाघळाचं उलट आहे. गर्भ जवळजवळ पाच महिने आणि वर्षाला एकच पिल्लू, आईला एकटीनेच वागवायचं, सुरुवातीला तर छातीला चिकटवून उडायचं. जगतं मात्र लांब, पिंजऱ्यात एक ३१ वर्षं जगल्याची नोंद आहे, रानकुत्रा रानात दहा वर्षं काढली तरी भरपूर. म्हणजे चिंच तोडली आणि पन्नास माद्या गेल्या तर ते उंदरासारखं तीन महिन्यात भरून येणार नाही. आणि तरी जगात आज धोक्यात कोण आहे तर दहा दहा पिल्लं देणारा रानकुत्रा, आययूसीएन ह्या जागतिक निसर्ग संस्थेच्या लाल यादीत तो संकटग्रस्त आहे आणि हे वाघूळ नाही. कारण त्याला मोठं जंगल आणि भरपूर हरणं लागतात, वाघळाला चिंच, वड, उंबर पुरतात. आणि अजून एक, आपल्या मोकाट कुत्र्यांकडून रानकुत्र्यांना डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक जीवघेणा विषाणूचा आजार) आणि रेबीज लागतो. आपण म्हणतोय रानातून गावात रोग आला, आणि रस्ता बहुतेक वेळा उलटा आहे.

पिसाळण्याचा मुद्दा एका वाक्यात संपला असता पण दहा मिनिटं गेली. रविवारी वाघळं पडली, सोमवारी रात्री बकऱ्या मेल्या. रेबीज अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसायला आठवडे लागतात, कधी महिने, चोवीस तासात कोणी पिसाळत नाही. निपाहचं मी हलकं केलं नाही. तो खरा आजार आहे, २०१८ ला केरळात कोझिकोडला माणसं गेली, आणि आपल्याकडे पण पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वाघळांमध्ये त्याच्या खुणा सापडल्या, ती वेगळी जात होती. म्हणून अर्धवट कुरतडलेलं फळ उचलून खायचं नाही, पोरांनी मेलेलं वाघूळ हाताळायचं नाही, हे पक्कं. पण झाड तोडलं तर तीनशे वाघळं मरत नाहीत, ती गावभर पसरतात, शाळेच्या निंबावर, मंदिराच्या पिंपळावर, आणि उपाशी, ताणात असलेली वाघळं विषाणू जास्त बाहेर टाकतात हे ऑस्ट्रेलियात हेंड्रा नावाच्या निपाहच्या भावंडावर केलेल्या कामातून दिसलंय. शिवाय चिंच तोडायला परवानगी लागते, १९६४ चा कायदा आहे.

केळीवाल्यांचा प्रश्न आला, की वाघळं आमचा माल खातात. ह्याच्यावर मला हसू आलं, कारण आपण केळी हिरवीच कापतो, गाडी भरतो, पिकते ती पुढे रायपनिंग चेंबरमध्ये, आणि वाघळाला पिकलेलं लागतं. पेरू, चिकू, आंबेवाल्यांची तक्रार मात्र खरी आहे, त्यांनी जाळी लावावी, ती पण घट्ट ताणलेली, ढिली लावली की वाघळं अडकून मरतात. आणि रात्री मोहावर फुलातला गोडवा खायला जातात तेव्हा परागीकरण होतं, उंबर जांभळाच्या बिया लांब लांब टाकतात. डोळ्यांनी आणि नाकाने शोधतात बरं का, ते आवाजाच्या पडसादावर चालणारं काम घरात शिरणाऱ्या बारक्या वाघळांचं, ह्या मोठ्यांचं नाही.

एक जुनी गोष्ट पण सांगितली, ती मला स्वतःला फार बोलकी वाटते. इंग्रजांच्या काळापासून रानकुत्रा मारला की इनाम मिळायचं, ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याने थांबलं. पण त्याच कायद्यात फळं खाणारी वाघळं मात्र कावळा आणि उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत बसवली, आणि ती यादी २०२२ च्या दुरुस्तीत काढून टाकली. म्हणजे ज्याला एकदा उपद्रवी म्हटलं त्याला त्यातून बाहेर यायला एकाला पिढ्या लागल्या आणि दुसऱ्याला पन्नास वर्षं, आणि आपण बसल्या बसल्या एका संध्याकाळी दोघांना परत आत ढकलत होतो.

सभा निम्मी पटली, निम्मी नाही. विष टाकायचं नाही एवढं ठरलं.

खरा गुंता ह्याच्या पुढे आहे. वाघ, बिबट्या, लांडगा, रानकुत्रा ह्यांनी जनावर मारलं तर वनखातं भरपाई देतं, पंचनामा होतो, पशुवैद्यकाचा दाखला लागतो. मोकाट कुत्र्यांनी मारलं तर छदाम नाही. हे नानांना माहीत होतं, आणि त्यांच्या पोराने सकाळीच वनखात्याला फोन करून रानकुत्रे म्हणून सांगितलं होतं. आता मला सांगा, त्यात नानांचं काय चुकलं? तीन बकऱ्या गेलेल्या माणसाला कोणीतरी जंगली गुन्हेगार पाहिजेच.

मंगळवारी रात्री दूध डेअरीवाल्याने मला बोलावलं, त्याच्या कॅमेऱ्याचं तोंड नानांच्या गल्लीकडे आहे. रात्री दोन वाजून सतरा मिनिटं, चार कुत्री गल्लीतून परत येतायत. काळोख होता, चित्र दाणेदार, रंग काही कळत नाही. पण रानकुत्र्याची शेपटी झुपकेदार, काळपट, आणि कायम खाली लोंबती. ह्या चौघांतल्या पुढच्याची शेपटी पाठीवर जिलेबीसारखी वळलेली, आणि पुढचा एक पाय पांढरा. तो कुत्रा आख्ख्या गावाला माहीत आहे, स्टँडवर अंडा गाडीजवळ बसतो, मी स्वतः त्याला बिस्कीट टाकलंय. (शास्त्राने बघितलं तर साध्या कुत्र्याला ४२ दात आणि रानकुत्र्याला ४०, पण दात मोजायला तो हातात पाहिजे.)

मी थेट नानांकडे गेलो, वनरक्षकाच्या आधी. त्यांना मोबाईलवर दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं, मग मोबाईल परत दिला आणि म्हणाले, "मन्ह्या तीन बकऱ्या गयात. माले कोन पैसा दी?" मी गप्प. मग म्हणाले, "तू गप्प ऱ्हाय ना भो, तुन्हं काय जास?"

ह्याच्यावर मी रात्रभर विचार केला, खोटं कशाला बोलू. गप्प राहिलो असतो तर नानांना पैसे मिळाले असते आणि माझं खरंच काही गेलं नसतं. पण कागदावर एकदा रानकुत्रा आला की पुढच्या बकरीला विषाचा विषय परत निघणार, ह्या वेळेस कागदाच्या आधाराने, आणि ती चार कुत्री तर अंडा गाडीजवळच बसलेली असणार. बुधवारी पंचनाम्याला वनरक्षक आणि जनावरांचे डॉक्टर आले. मला विचारलं आणि मी व्हिडिओ दाखवला. डॉक्टरांनी जखमी दोन बकऱ्यांना रेबीजच्या लसीचा कोर्स सुरू केला, कुत्रा कोणताही असो चावलेल्या जनावराला ते करावंच लागतं. भरपाई नामंजूर.

वाघळांसाठी मी एक केलं, त्याचं मला आजही बरं वाटतं. दुकानात विकायला आलेला नवा एचटीपी पंप (जास्त दाबाचा फवारणी पंप) होता, औषधाचा थेंब न लागलेला. टँकरचं पाणी घेतलं आणि पुढचे चार दिवस दुपारी लांबून बारीक फवारा चिंचेवर सोडला, जोराने नाही, धुक्यासारखा. पहिल्या दिवशी वाघळं बिचकली, थोडी उडाली, परत बसली. दुसऱ्या दिवसापासून पंख पसरून पाणी अंगावर घ्यायला लागली. जे लोक झाड तोडायला निघाले होते त्यांच्यातलीच दोन पोरं, फोरेट मागायला आलेली, नळी धरायला आली. नंतर फक्त दोन पडली. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला.

चिकनच्या दुकानांचा कचरा स्टँडमागे टाकू नका असा ठराव ग्रामपंचायतीने केला. कचरा अजून तिथेच पडतो. कुत्र्यांच्या नसबंदीचा अर्ज पण गेलाय वर.

नानांना मी म्हटलं की एक पाठ, म्हणजे तरणी बकरी, माझ्याकडून घ्या, माझ्या मेहुण्याकडे आहे चांगली, पैसे जमतील तेव्हा द्या. ते काही बोलले नाहीत. जूनमध्ये कपाशीचं बियाणं त्यांनी दुसऱ्या दुकानातून घेतलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्याच्या आदल्या दिवशी नातू आला होता, मागची सगळी उधारी घेऊन, ४,३५० रुपये, वरचे पन्नास सुट्टे, आणि म्हणाला, आजोबांनी सांगितलंय वहीतलं नाव खोडून घे, खोडलेलं बघूनच ये.